बेडूकमाशाच्या तोंडात डोकावताना
एका तक्त्याची आणि एका ग्रंथाची समीक्षा

पावसाळ्यातले पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की शाळेजवळच्या डबक्यात बेडूकमासे दिसू लागतात. त्याच सुमारास वर्गाच्या भिंतीवर 'बेडकाचे जीवनचक्र' हा तक्ता लागतो. अंड्यांचा पुंजका, बाहेर कल्ले असलेले पिल्लू, शेपटीवाला बेडूकमासा, मग मागचे पाय, पुढचे पाय, शेपटी आखडणे आणि शेवटी बेडूक. बाण गोल फिरून पुन्हा अंड्यांपाशी येतो. हा तक्ता आपण शिकलो आणि तोच आपण शिकवतो.

या तक्त्यात बेडूकमाशाचे तोंड कोठे आहे, हे एकदा पाहावे. बहुतेक तक्त्यांत ते एक काळा ठिपका असते. बाजूला चौकटीत एक वाक्य असते: 'बेडूकमासा शाकाहारी असतो, तो शेवाळ खातो.' या लेखात मला त्या ठिपक्याची आणि त्या वाक्याची तपासणी करायची आहे. त्यासाठी एका जुन्या, पण या विषयातल्या पायाभूत ग्रंथाचा आधार घेणार आहे आणि त्या ग्रंथाचीही थोडी परीक्षा घेणार आहे.

आधी स्वतःची चूक सांगतो. संशोधन सुरू असताना काही काळ मी एका महाविद्यालयात तास घेत असे. तेव्हा मी चार गुणांचा एक प्रश्न काढला होता: 'बेडूकमासा शाकाहारी असतो, हे त्याच्या शरीररचनेवरून स्पष्ट करा.' शिंगासारखे कठीण जबडे, खरवडणारे दात आणि लांब, गुंडाळलेले आतडे, असे उत्तर अपेक्षित होते. एका विद्यार्थिनीने लिहिले की, तिने घरी बादलीत बेडूकमासे पाळले होते, त्यातल्या एका मोठ्याने लहानाला शेपटीकडून खाल्ले, म्हणून हा प्रश्न तिला समजला नाही. मी तिला चारपैकी शून्य गुण दिले. उत्तरात मुद्दे नव्हते ना!

त्या वेळी माझ्या लक्षात न आलेली गोष्ट अशी. आपल्या महाविद्यालयांत अनेक पिढ्या ज्या बेडकावर प्राणिशास्त्र शिकल्या, तो म्हणजे राना टायग्रिना. पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा हा मोठा बेडूक. आज त्याचे शास्त्रीय नाव हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस असे आहे. या बेडकाची पिल्ले शिकारी असतात. ती इतर जातींचे बेडूकमासे खातात आणि प्रसंगी आपल्याच जातीचेही. म्हणजे ज्या बेडकाला आपण नमुना मानले, त्याच्याच पिल्लाला तक्त्यातले वाक्य लागू पडत नाही! इंग्रजी पाठ्यपुस्तकांचा नमुना होता युरोपातला राना टेम्पोरारिया. मिल्न्स मार्शल यांचे बेडकावरचे प्रसिद्ध पुस्तक १८८२ मधले, तेही याच बेडकाला धरून लिहिलेले. मला वाटते, आपण बेडूक आपला घेतला आणि त्याचे पिल्लू मात्र पुस्तकातले ठेवले.

ठिपक्याच्या आत

आता त्या ठिपक्याच्या आत जाऊ. तळ्यात किंवा डबक्यात वाढणारा सर्वसाधारण बेडूकमासा डोळ्यांपुढे ठेवा.

बाहेरून दिसते ते ओठांचे मांसल कडे. त्यावर दातांच्या बारीक ओळी असतात आणि मधोमध चोचीसारखे दोन जबडे. भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या आपल्या नेहमीच्या बेडकाच्या पिल्लात दातांच्या ओळी वर दोन आणि खाली तीन असतात. हे दात आपल्या दातांसारखे नव्हेत. त्यांत हाड नाही, की दंतवल्क नाही. आपली नखे ज्या केराटिनची बनतात, त्याच जातीच्या द्रव्याचे ते असतात. दातांच्या ओळी दगडावरचा किंवा पानावरचा बुळबुळीत थर खरवडतात आणि चोच तुकडे पाडते. अनेक पुस्तके येथेच थांबतात.

चोचीच्या मागे एक रुंद, बसकी खोली आहे. तिला जमीन आहे आणि छत आहे. जमिनीवर पुढच्या बाजूला जिभेचा नुसता कोंभ असतो. पुढे बेडूक झाल्यावर किडे पकडणारी जीभ त्यातूनच तयार होते. कोंभाच्या मागे मोकळे अंगण, आणि अंगणाच्या कडेने बोटांसारखे मऊ उंचवटे. त्यांना आपण अंकुरक म्हणू. छतावर नाकपुड्यांची आतली दोन भोके, त्यांच्यामागे एक आडवा उंचवटा आणि मग अंकुरकांनी वेढलेले दुसरे अंगण. छताचा मागचा पट्टा चिकट स्राव सोडणाऱ्या पेशींचा असतो. खोलीच्या मागच्या टोकाला, जमिनीवरून उठणारा आणि मागे मोकळी कड असलेला एक पातळ पडदा असतो. त्याच्याखाली दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या दोन टोपल्या. या टोपल्यांच्या आतल्या भिंतींवर बारीक घड्यांची गाळणी बसवलेली असते.

हे सारे चालते ते लोहाराच्या भात्याप्रमाणे. जमिनीखाली कूर्चेची एक जोडी असते. स्नायूंनी ती खाली ओढली की खोली मोठी होते आणि पाणी तोंडातून आत येते. मग तोंड मिटते, जमीन वर उचलली जाते आणि पाणी मागे ढकलले जाते. पडद्यामुळे ते उलट फिरत नाही. पडद्याखालून ते टोपल्यांत शिरते, गाळणीतून आणि कल्ल्यांवरून जाते आणि अंगावरच्या एका छिद्रातून बाहेर पडते. आपल्याकडच्या बहुतेक जातींत हे छिद्र डाव्या कुशीवर असते.

पाण्याबरोबर आलेल्या मोठ्या कणांना अंकुरक अडवतात आणि ते कण मधल्या वाटेने अन्ननलिकेकडे जातात. बारीक कण टोपल्यांपर्यंत पोचतात, तेथे चिकट स्रावात अडकतात आणि त्या स्रावाचे धागे सूक्ष्म रोमकांच्या हालचालीने मागे अन्ननलिकेत ओढले जातात. पीठ चाळताना कोंडा वर राहतो आणि पीठ खाली पडते, तसेच हे. फरक इतकाच की येथे कोंडा आणि पीठ दोन्ही खाल्ले जाते. ही गाळणी इतकी बारीक आहे की, एका मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा लहान कण काही जातींचे बेडूकमासे पकडू शकतात. डबक्यातले जिवाणूही मग अन्नच ठरतात.

म्हणून 'शेवाळ खरवडून खातो' हे वाक्य अपुरे आहे. त्यात चोचीचे काम आले, पण मागच्या खोलीचे आले नाही. शिवाय अन्न आणि श्वास या दोन्हींसाठी पाण्याचा प्रवाह एकच असतो, ही महत्त्वाची गोष्टही निसटली. तक्त्यात 'कल्ल्यांनी श्वास घेतो' आणि 'शेवाळ खातो' ही दोन वेगळी वाक्ये असतात. बेडूकमाशाच्या तोंडात ते एकच काम आहे.

एक ग्रंथ

ही आतली खोली पूर्वी कोणी पाहिलीच नव्हती, असे नाही. जर्मनीतील एफ. ई. शुल्त्से यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेडूकमाशांच्या आतल्या कल्ल्यांचे तपशीलवार वर्णन केले होते. परंतु वर्गीकरण करणाऱ्यांना त्याची गरज वाटली नाही. नमुना न कापता दातांच्या ओळी मोजता येतात आणि त्यांचे सूत्र लिहिता येते. तोंडाच्या आतले पाहायचे तर नमुना कडेने चिरून, छत आणि जमीन वेगळी करून उघडावा लागतो. सोपे होते ते मोजले गेले आणि जे मोजले गेले तेच पुस्तकांत गेले.

ही परंपरा बदलण्याचे मोठे श्रेय अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड वॅसरसग यांना द्यावे लागते. १९७६ मध्ये त्यांनी तोंडाच्या आतल्या प्रत्येक भागाला निश्चित नाव देणारा निबंध प्रसिद्ध केला. १९८० मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्यांचा मोठा ग्रंथ काढला. त्यात बेडकांच्या आठ कुलांतील बेडूकमाशांच्या तोंडांचे अंतरंग एकाच पद्धतीने वर्णन केले आहे. कार्य, वर्गीकरण, उत्क्रांती आणि परिस्थितिविज्ञान अशा चार बाजूंनी विचार करण्याचे आश्वासन ग्रंथाच्या उपशीर्षकातच आहे. (याच वॅसरसग यांना २००० साली गमतीचे 'इग नोबेल' पारितोषिक मिळाले. कोस्टारिकातले निरनिराळे बेडूकमासे चवीला कसे लागतात, हे त्यांनी माणसांना चाखायला लावून तपासले होते. तो निबंध १९७१ चा.)

या ग्रंथाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे भाषा. नाव नसलेली गोष्ट दोन माणसांना एकसारखी पाहता येत नाही. त्यांनी जमिनीचे अंगण, छताचे अंगण, पडदा, अंकुरकांचे प्रकार यांना नावे दिली आणि त्यानंतर कोणत्याही देशातल्या अभ्यासकाचे वर्णन दुसऱ्याच्या वर्णनाशेजारी ठेवता येऊ लागले. आज बेडूकमाशाच्या तोंडाच्या आतले वर्णन करणारा जवळजवळ प्रत्येक निबंध हीच शब्दावली वापरतो.

दुसरी देणगी तुलनेची. एकच बेडूकमासा पाहिला तर त्याची प्रत्येक रचना 'अशीच असते' वाटते. आठ कुलांतले शेजारी ठेवले की काय सर्वांत सारखे आहे आणि काय बदलते, हे दिसते. बारीक कण गाळणाऱ्यांत टोपल्या मोठ्या आणि गाळणी दाट, मोठे घास घेणाऱ्यांत टोपल्या लहान आणि गाळणी विरळ, हा ढोबळ संबंध अशा तुलनेतूनच हाती आला.

ग्रंथाची मर्यादा

आता दुसरी बाजू. उपशीर्षकातल्या चारही आश्वासनांचे वजन सारखे नाही. वर्गीकरणाचा भाग भक्कम आहे, कारण तेथे पुरावा डोळ्यांसमोर असतो: अंकुरक आहेत किंवा नाहीत. कार्याच्या आणि परिस्थितिविज्ञानाच्या भागात मात्र आपण द्रावणात ठेवलेल्या मृत तोंडाकडे पाहून ते जिवंतपणी काय खात असेल, याचा तर्क करत असतो. आकारावरून काम ओळखणे हा उपयुक्त तर्क आहे. पण तो तर्कच असतो. शिवाय या प्रकारच्या अभ्यासात एका जातीचे थोडेच नमुने उघडले जातात. त्यामुळे एकाच जातीत किती फरक पडतो, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो.

हा तर्क कोठे चालतो आणि कोठे अडतो, हे आपल्याच डबक्यातल्या तीन पिल्लांवरून पाहू.

पहिले, हॉप्लोबॅट्रॅकसचे. याचे जबडे बळकट, दातांच्या ओळी दुहेरी. तोंड पाहूनच 'शिकारी' असा अंदाज करता येतो आणि तो खरा ठरतो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत (त्यांचा एक निबंध २००९ चा आहे) हीच पिल्ले शिकारी म्हणून वापरली आहेत. या प्रजातिगटाच्या तोंडाचा आतूनबाहेरून अभ्यास करणारा निबंध ग्रोझ्याँ, व्हेन्सेस आणि द्युब्वा यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही वर्णनाची चौकट वॅसरसग यांचीच.

दुसरे, मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकाचे. पिल्लू जवळजवळ पारदर्शक. याला दात नाहीत आणि चोचही नाही. पाणी बाहेर पडण्याचे छिद्र कुशीवर नसून पोटाखाली मध्यरेषेवर असते. ते पाण्यात अधांतरी तरंगत गाळत असते. येथेही आकारावरून बांधलेला तर्क बरोबर येतो.

तिसरे, भेकाचे. दात आहेत, चोच आहे, अंकुरक आहेत, गाळणीही आहे. हे काय खाते? खरवडते, गाळते, तळाचा गाळ चिवडते आणि मेलेला बेडूकमासा दिसला तर त्यालाही लागते. येथे तर्क अडतो. तोंड 'सर्व काही चालेल' एवढेच सांगते, प्रत्यक्षात काय चालते ते सांगत नाही. आणि डबक्यांत संख्येने भरपूर असतात ते याच तऱ्हेचे.

पोट फाडून पाहिले तर? पोटात शेवाळ सापडते, म्हणून 'शाकाहारी' असे म्हटले गेले. पण पोटात सापडले म्हणजे पचले असे नाही. गाळाबरोबर वाळूही सापडते, म्हणून आपण त्याला वाळू खाणारा म्हणत नाही. ऑल्टिग, व्हाइल्स आणि टेलर यांनी २००७ मध्ये 'बेडूकमासे खरोखर काय खातात?' असा सरळ प्रश्न करून उपलब्ध पुराव्याची झडती घेतली. पोटातल्या पदार्थांच्या याद्यांवर विसंबू नका, शरीरात काय जिरते ते समस्थानिकांसारख्या पद्धतींनी तपासा, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. लांब आतड्याचेही तसेच. लांब आतडे एवढेच सांगते की अन्न निकस आहे किंवा पचायला वेळ लागतो. शेवाळ आणि कुजका गाळ यांतला फरक ते सांगत नाही.

वॅसरसग यांच्याविषयी न्यायाने सांगायचे तर, ते मृत नमुन्यांपाशी थांबले नाहीत. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जिवंत बेडूकमाशांवरही प्रयोग केले. पाण्यातले अन्नकण दाट झाले की बेडूकमासा तोंडाचा भाता हळू चालवतो, असे त्यांतून दिसले. पण भाता हळू चालला तर कल्ल्यांवरून जाणारे पाणीही कमी होते. १९८४ मध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या पिल्लांवरच्या निबंधात अन्न आणि श्वास यांच्यातला हा झगडा मांडलेला आहे. कापलेल्या तोंडाकडे वर्षभर पाहत बसले असते, तरी तो दिसला नसता. १९८० चा ग्रंथ वाचताना हे पुढचे काम शेजारी ठेवावे. तो ग्रंथ उत्तम नकाशा आहे, पण नकाशावर रहदारी दिसत नाही.

वर्गात काय करावे

तक्ता फाडून टाका, असे मी म्हणत नाही. दोन लहान दुरुस्त्या पुरतील. 'शाकाहारी' हा शब्द खोडून त्या जागी लिहावे: 'खरवडतो, गाळतो आणि जातीनुसार शिकारही करतो.' आणि ठिपक्याशेजारी मुलांकडून एक चित्र काढून घ्यावे: आत येणारे पाणी, खाली-वर होणारी जमीन, गाळणी, कल्ले आणि बाहेर जाणारे पाणी.

शाळेत कोणताही बेडूकमासा कापू नये. त्याची गरजही नाही. काचेच्या बरणीत डबक्याचेच पाणी घेऊन दोन-तीन बेडूकमासे तासाभरासाठी ठेवावेत. खालून किंवा बाजूने भिंगातून पाहिले तर तोंडाची जमीन हलताना दिसते. मिनिटाला किती वेळा, हे मुलांनी मोजावे. खूप पातळ केलेल्या दुधाचा एक थेंब तोंडाजवळ अलगद सोडला, तर पांढरी रेघ कोठून बाहेर येते तेही दिसते. डाव्या कुशीवरून की पोटाखालून? मग एका बरणीत निवळलेले आणि दुसरीत हिरवट पाणी घेऊन, दोन्हींचे तापमान सारखे ठेवून, भात्याचे ठोके पुन्हा मोजावेत. उत्तर आधी सांगू नये. मुलांचे आकडे पुस्तकाशी जुळले नाहीत, तर का जुळले नाहीत यावर तास घ्यावा.

निरीक्षण झाले की बेडूकमासे त्याच डबक्यात परत सोडावेत, दुसऱ्या नव्हे. १९९० च्या दशकाअखेर ओळख पटलेली कायट्रिड ही बुरशी जगभर बेडकांचा घात करत आहे आणि पश्चिम घाटातही ती आढळली आहे. ती केराटिनवर वाढते. बेडूकमाशाच्या अंगात केराटिन असते ते मुख्यतः याच दातांत आणि चोचीत. म्हणजे तक्त्यातल्या त्या ठिपक्यापासूनच रोगाची सुरुवात होते. एका डबक्यातले पाणी दुसऱ्यात न्यायचे नाही, ही सवय मुलांना लहानपणीच लागलेली बरी.

शेवटी पुन्हा त्या उत्तरपत्रिकेकडे. त्या मुलीने पाहिलेला मोठा बेडूकमासा बहुधा हॉप्लोबॅट्रॅकसचा असावा. खात्रीने सांगता येणार नाही, कारण मी तिला विचारलेच नाही. तो किती मोठा होता, त्याचे तोंड कसे होते, खाल्ले गेलेले पिल्लू आधी जिवंत होते की मेलेले, हे सारे तिला ठाऊक होते. मला पुस्तकातले तीन मुद्दे ठाऊक होते. तिच्यापाशी निरीक्षण होते आणि माझ्यापाशी गुण होते. असे उत्तर यंदा तुमच्या हाती आले, तर गुण देण्याआधी त्या मुलाला जवळ बोलावून विचारा: 'तू नक्की काय पाहिलेस?'